परळचे उंदीर, परळच्या पेशी

१९४५ साली 'आर्काइव्ह्ज ऑफ पॅथॉलॉजी' या अमेरिकी नियतकालिकात मुंबईहून गेलेला एक निबंध छापून आला. लेखक होते डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई. लोकांच्या सवयींतून उद्भवणाऱ्या कर्करोगांच्या तीन नव्या भारतीय प्रकारांची नोंद त्यात होती. धोतर वर्षानुवर्षे कमरेला एकाच जागी घट्ट नेसल्याने तिथली कातडी काळवंडते, जाड होते आणि पुढे एखाद्याला तिथेच कर्करोग होतो. चुना मळलेली खैनी ओठाआड धरून ठेवणाऱ्यांना नेमका त्या जागी होतो. आंध्र किनाऱ्यावर चुट्ट्याचे, म्हणजे गावठी चिरुटाचे, जळते टोक तोंडात ठेवून ओढायची रीत आहे. तिथे तो टाळूवर दिसतो.

परदेशी पाठ्यपुस्तकांत यातले फारसे काही सापडणे शक्य नव्हते. तिथे धोतर नव्हते, खैनी नव्हती. आपल्या माणसांचे आजार आपल्यालाच पाहावे लागतील, हा त्या निबंधाचा न लिहिलेला निष्कर्ष होता. परळच्या ज्या प्रयोगशाळेतून तो निघाला, तिने पुढच्या पाच दशकांत उंदरांचे वाण जोपासले, काचेच्या नळ्यांत पेशी वाढवल्या, कुष्ठरोगावरची एक लस घडवली आणि मोठी चर्चा झालेले एक गृहीतक हातचे जातानाही पाहिले. भारतातल्या कर्करोग जीवशास्त्राचा आणि रोगप्रतिकारशास्त्राचा पाया या खटाटोपात घातला गेला. त्याच्या केंद्रस्थानी खानोलकर होते आणि त्यांच्या विद्यार्थिनी कमल रणदिवे.

टाटांचे रुग्णालय, खानोलकरांची प्रयोगशाळा

सुरुवात एका मृत्यूपासून होते. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजीही वारले. त्यांच्या नावच्या विश्वस्त निधीने मुंबईत कर्करोगासाठी स्वतंत्र रुग्णालय उभारायचे ठरवले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटलचे उद्घाटन झाले. त्या काळात कर्करोग हा सुधारलेल्या देशांचा रोग आहे, हिंदुस्थानात तो विरळाच, असा समज वैद्यकीय वर्तुळातही होता. प्लेग, कॉलरा, हिवताप आणि क्षय यांनी माणसे तरुणपणीच दगावत असताना उतारवयातला रोग नजरेत न भरणे स्वाभाविकच होते. त्यासाठी वेगळे रुग्णालय काढणे हेच मोठे धाडस होते.

विश्वस्तांनी रुग्णालयाच्या जोडीला प्रयोगशाळाही उभी केली आणि ती खानोलकरांकडे सोपवली. १८९५ साली जन्मलेले खानोलकर लंडन विद्यापीठाचे एम.डी. होते. ग्रँट मेडिकल कॉलेज आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात विकृतिशास्त्र शिकवून त्यांनी नाव मिळवले होते. रुग्णाच्या शरीरातून काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निदान करणे हे विकृतितज्ज्ञाचे रोजचे काम. खानोलकर तिथे थांबत नसत. हा माणूस कोणत्या जातीचा, कुठल्या गावचा, काय खातो, काय चघळतो, काय नेसतो, हेही ते विचारत. भारतासारख्या देशात धर्म, जात आणि प्रांत यांनुसार माणसांच्या चालीरीती इतक्या वेगवेगळ्या आहेत की निसर्गानेच एक प्रचंड प्रयोग मांडून ठेवला आहे, अशी त्यांची दृष्टी होती.

या दृष्टीचे सर्वात टिकाऊ फळ १९५५ मध्ये मिळाले. एल. डी. संघवी, राव आणि खानोलकर यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये तंबाखू ओढणे, तंबाखू चघळणे आणि तोंडा-घशाचा कर्करोग यांचा संबंध आकड्यांनिशी मांडला. इंग्लंडमध्ये डॉल आणि हिल यांनी सिगारेट व फुप्फुसाचा कर्करोग यांवर बोट ठेवून जेमतेम पाच वर्षे झाली होती. चघळणाऱ्यांना बहुतेक तोंडाच्या पुढच्या भागात, तर विडी ओढणाऱ्यांना घशाकडे, असा फरकही या अभ्यासात दिसला. पुढे याच संस्थेत सुमती भिडे आणि सहकाऱ्यांनी आपल्याकडच्या बायका दात घासायला वापरतात त्या मशेरीचा, म्हणजे भाजलेल्या तंबाखूच्या भुकटीचा, अर्क उंदरांवर तपासला आणि तीही कर्करोगाला कारण होते, हे दाखवून दिले. तंबाखू भाजली की तिचा दोष जातो, ही खेड्यापाड्यांतली समजूत तिथे निकालात निघाली.

सवयींचा संबंध कळला तरी एक मोठा प्रश्न उरतोच. पेशीच्या आत असे काय घडते की ती बेबंद वाढू लागते? स्तनाच्या कर्करोगासारख्या रोगात तर बोट दाखवायला तंबाखूही नव्हती. या प्रश्नासाठी जिवंत प्राणी लागणार होते, जिवंत पेशी लागणार होत्या आणि त्या हाताळणारी माणसेही लागणार होती.

हुजूरपागेची मुलगी

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. मुलींनीही शिकलेच पाहिजे असे मानणारे घर होते. हुजूरपागेत शालेय शिक्षण झाल्यावर कमल फर्ग्युसनमध्ये दाखल झाल्या. त्यांनी डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे, अशी वडिलांची इच्छा होती. त्यांनी दोन्ही केले नाही. वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन पदवी मिळवली आणि पुण्याच्या शेतकी कॉलेजात सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांवर काम करून १९४३ मध्ये एम.एस्सी. केले. मधल्या काळात, १९३९ मध्ये, गणितज्ञ जयसिंग रणदिवे यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. संसार मुंबईत मांडायचा ठरला आणि कमलताई टाटा मेमोरियलच्या प्रयोगशाळेत आल्या.

सीताफळाच्या गुणसूत्रांवरून कर्करोगाकडे येणे वाटते तितके विचित्र नाही. पेशी विभागते कशी, विभागताना तिचे कुठे चुकते, हा प्रश्न झाडात आणि माणसात सारखाच आहे. खानोलकरांनी त्यांना पीएच.डी.साठी विषय दिला तो स्तनाच्या कर्करोगाचा, आणि साधन दिले उंदीर.

त्या वेळी जगभरच्या कर्करोग संशोधकांमध्ये उंदरीच्या दुधाची चर्चा होती. अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत उंदरांचे शुद्ध वाण तयार केले होते. पिढ्यान्पिढ्या भावंडांचीच जोडी लावायची, म्हणजे सगळे उंदीर जवळजवळ एकसारखे निपजतात. यातल्या काही वाणांतल्या बहुतेक माद्यांना स्तनाचा कर्करोग होई, काहींत तो क्वचितच दिसे. हा फरक रक्तातूनच येतो असे मानायचे, तर संकरातल्या पिल्लांत आईचा आणि बापाचा वाटा सारखा दिसायला हवा होता. प्रत्यक्षात सगळे आईवर अवलंबून होते. १९३६ मध्ये जॉन बिटनर यांनी जास्त कर्करोगाच्या वाणाची पिल्ले जन्मताच आईपासून तोडून कमी कर्करोगाच्या वाणाच्या माद्यांना पाजायला लावली. त्या पिल्लांत मोठेपणी कर्करोगाचे प्रमाण कमालीचे घटले. म्हणजे रोगाचे बीज दुधातून जात होते. बिटनर सावधपणे त्याला दुधातला 'घटक' म्हणत राहिले. तो विषाणू आहे हे पुढे सिद्ध झाले.

परळच्या उंदीरघरात कमल रणदिवे यांनी कर्करोगाची प्रवणता कमी-जास्त असलेले चार वाण घेतले. त्यांच्या निरोगी स्तनग्रंथींची रचना वयाच्या निरनिराळ्या टप्प्यांवर तपासली. गाठ दिसू लागते तोवर बराच उशीर झालेला असतो. म्हणून गाठ येण्याआधीची ग्रंथी कशी असते, संप्रेरकांना ती कशी प्रतिसाद देते आणि दुधातला घटक त्यात कुठे येतो, हे पाहायचे होते. स्तनाच्या कर्करोगामागे आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू हे तिन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत, हे आधी ओळखणाऱ्यांत त्या होत्या. १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली.

काचेत वाढणारी पेशी

अमेरिकेत जाऊन पुढचे शिक्षण घ्यावे, असा खानोलकरांचा आग्रह होता. रॉकफेलर प्रतिष्ठानची पाठ्यवृत्ती मिळाली आणि रणदिवे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. प्राण्याच्या शरीराबाहेर पेशी जिवंत ठेवण्याच्या तंत्रात गाय यांचा हात धरणारा कोणी नव्हता. नळ्या सावकाश फिरत्या ठेवून पेशींना आळीपाळीने द्रव आणि हवा मिळावी, अशी युक्ती त्यांनी काढली होती. १९५१ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेत हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतल्या पेशी अखंड वाढू लागल्या आणि 'हेला' नावाने जगभर पोचल्या. त्या पेशी तिला न विचारताच घेतलेल्या होत्या, हा विज्ञानाच्या इतिहासातला डाग पुढे कित्येक वर्षांनी चर्चेत आला.

रणदिवे परत आल्या आणि परळला देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी राहिली. त्याच सुमाराला, १९५२ मध्ये, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या पैशातून 'इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर' ही स्वतंत्र संस्था स्थापन झाली. खानोलकर तिचे पहिले संचालक झाले.

बाल्टिमोरला शिकलेले तंत्र मुंबईत चालवणे मात्र सोपे नव्हते. शरीराबाहेरच्या पेशीला क्षार, साखर, अमिनो आम्ले आणि रक्तद्रव नेमक्या मापात हवे असतात. तापमान ३७ अंशांच्या आसपास लागते आणि आसपास एकही जिवाणू चालत नाही. घरातले विरजण रोज पुढे लावत गेले तरच टिकते, तशाच या पेशी दर काही दिवसांनी नव्या भांड्यात, नव्या द्रवात हलवाव्या लागतात. एक खाडा झाला तरी महिन्यांचे काम जाते. पाश्चात्त्य प्रयोगशाळांत हे पोषक द्रव तयार बाटल्यांत मिळू लागले होते. परकीय चलनाची टंचाई असलेल्या देशाला त्या बाटल्यांवर विसंबणे परवडणारे नव्हते. साठच्या दशकाच्या आरंभी रणदिवे यांनी जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकलेल्या तरुणांना संस्थेत ओढून आणले आणि पोषक द्रव व त्याला लागणारी रसायने इथेच बनवायला घेतली. शोधनिबंधांच्या यादीत अशा कामाला फार जागा मिळत नाही. पण पेशींवरचा पुढचा प्रत्येक प्रयोग त्यावरच उभा राहणार होता.

उंदरांच्या बाबतीतही तोच प्रकार झाला. संस्थेने स्वतःच्या उंदीरघरात एक वाण तयार केला आणि त्याला 'आयसीआरसी' हे संस्थेचेच नाव मिळाले. या वाणात स्तनाचे अर्बुद आपोआप उद्भवत. त्यामुळे रोगाची वाटचाल पहिल्यापासून न्याहाळता येई. पेशीजीवशास्त्र, कर्करोगजनन आणि रोगप्रतिकारशास्त्र असे तीन विभाग रणदिवे यांच्या पुढाकाराने सुरू झाले. प्रतिकारशास्त्राची बाजू सुधा गंगल यांनी पुढे समर्थपणे सांभाळली. सत्यवती सिरसाट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचे अंतरंग पाहत होत्या. विज्ञानसंस्थांत बायका हाताच्या बोटांवर मोजता येत त्या काळात परळच्या या संस्थेत विभागच्या विभाग स्त्रिया चालवत होत्या.

चुकलेला जिवाणू

कर्करोगाच्या संस्थेत कुष्ठरोगावर काम का व्हावे, असा प्रश्न सहज पडतो. त्याचे उत्तर खानोलकरांच्या दुसऱ्या आवडत्या विषयात आहे. कुष्ठरोग मुळात मज्जातंतूंचा आजार आहे आणि त्याचा जिवाणू मज्जातंतूंभोवतीच्या पेशींत मुक्काम करतो, हे त्यांनी रुग्णांच्या त्वचेचे व मज्जातंतूंचे तुकडे तपासून बारकाईने मांडले होते. नॉर्वेच्या हॅन्सेन यांनी हा जिवाणू १८७३ मध्येच पाहिला होता. तरी तो प्रयोगशाळेत वाढवणे कोणालाच जमले नव्हते, आजही जमलेले नाही. आणि जिवाणू वाढवता येत नाही तोवर लस करायची कशापासून?

मज्जातंतूंच्या पेशी काचेत वाढवण्याचे तंत्र आता परळला होते. त्या पेशींचा सहवास मिळाला तर हा हट्टी जिवाणू वाढेल, असा तर्क करून सी. व्ही. बापट, रणदिवे आणि खानोलकर कामाला लागले. १९५८ मध्ये कुष्ठरुग्णाकडून घेतलेल्या नमुन्यातून मानवी गर्भाच्या मज्जागंडिकेच्या पेशींच्या संगतीत एक जिवाणू खरोखरच वाढला. त्यालाही आयसीआरसी हेच नाव पडले.

पुढच्या तपासण्यांत तो कुष्ठरोगाचा खरा जिवाणू नसल्याचे दिसले. त्याच्याच गणातला, क्षयाच्या जिवाणूचा दूरचा नातलग असा तो वेगळाच जीव निघाला. इथे हा विषय बंद पडला असता. पण कुष्ठरोगाच्या जिवाणूशी त्याचे एक साम्य कामाचे होते. दोघांच्या अंगावरच्या काही प्रतिजनांत, म्हणजे शरीराचा प्रतिकार ज्यांवरून शत्रू ओळखतो त्या खुणांत, सारखेपणा होता.

त्याचे महत्त्व कळायला प्रतिकारशास्त्र पुढे जावे लागले. १९६१ मध्ये लंडनमध्ये जॅक मिलर यांनी छातीतल्या थायमस ग्रंथीचे कार्य उलगडले. तिथे घडणाऱ्या टी-पेशी प्रतिकाराच्या सूत्रधार आहेत, हे त्यानंतरच्या दशकात स्पष्ट झाले. कुष्ठरोगाचे कोडे या ज्ञानाच्या प्रकाशात सुटू लागले. एकाच जिवाणूची लागण होऊन एका रुग्णाला मोजकेच चट्टे उठतात आणि दुसऱ्याचे शरीर जिवाणूंनी भरून जाते. पहिल्याच्या टी-पेशी जिवाणूवर तुटून पडतात. दुसऱ्याच्या टी-पेशी बाकी रोगांशी लढतात, पण नेमक्या याच जिवाणूपुढे त्या गप्प राहतात. हा गप्पपणा मोडायचा तर त्याच्यासारख्याच खुणा असलेला, पण प्रयोगशाळेत भरपूर वाढवता येणारा जिवाणू टी-पेशींना दाखवावा, हा विचार पुढे आला. परळच्या शीतपेटीत तो जिवाणू होताच.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस डॉ. माधव गजानन देव आणि सहकाऱ्यांनी किरणोत्साराने मारलेल्या आयसीआरसी जिवाणूंची लस तयार केली. पूर्वी प्रतिसाद न देणाऱ्या काही रुग्णांत ती टोचल्यावर प्रतिकार जागा झाल्याचे दिसले. निरोगी माणसांना तिचे संरक्षण मिळते का, हे पाहायला फार मोठी चाचणी हवी होती. १९९१ ते १९९३ या काळात दक्षिण भारतात १,७१,४०० स्वयंसेवकांना वेगवेगळ्या लशी टोचण्यात आल्या. डॉ. मोहन गुप्ते आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आयसीआरसी लशीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिले होते. बीसीजीसोबत मारलेले कुष्ठजिवाणू दिलेल्या लशीचे प्रमाण ६४ टक्के होते. नुसत्या बीसीजीचे ३४ टक्के आणि दिल्लीत विकसित झालेल्या दुसऱ्या एका भारतीय लशीचे सुमारे २६ टक्के भरले.

इतके चांगले निकाल येऊनही आयसीआरसी लस राष्ट्रीय कार्यक्रमात नेहमीची लस म्हणून आली नाही. त्याचे मोठे कारण औषधांत आहे. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तीन औषधांच्या एकत्रित उपचाराची शिफारस केली आणि १९८३ पासून भारताने तो कार्यक्रम हाती घेतला. रुग्णसंख्या झपाट्याने उतरली. डिसेंबर २००५ मध्ये दर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण, हे उद्दिष्ट देशाने गाठले. लस सिद्ध झाली तेव्हा तिची निकड ओसरत चालली होती. जिवाणू सापडल्यापासून पुरावा हाती येईपर्यंत चाळीस वर्षे गेली होती.

दुधातला विषाणू आणि पारशी स्त्रिया

बिटनरच्या दुधाची गोष्ट मधल्या काळात उंदरांपुरती राहिली नव्हती. १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईत देशातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू केली. तिच्या आकड्यांत पारशी स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण शहरातल्या इतर समाजांपेक्षा स्पष्टपणे जास्त दिसत होते. पारशी समाज लहान, आपसांतच लग्ने करणारा. शुद्ध वाणाच्या उंदरांवर वर्षानुवर्षे काम केलेल्यांना पुढचा प्रश्न सुचला नसता तरच नवल. माणसाच्या दुधातही तसा विषाणू असेल का?

अमेरिकेतले डॅन मूर आणि त्यांचा गट हाच शोध घेत होता. परळहून सत्यवती सिरसाट, शल्यविशारद जे. सी. पेमास्टर आणि ए. बी. वैद्य त्यात सामील झाले. १९७१ मध्ये 'नेचर' साप्ताहिकात निबंध आला. पारशी स्त्रियांच्या दुधाच्या नमुन्यांत उंदरांच्या विषाणूसारखे दिसणारे कण सर्वसाधारण अमेरिकी स्त्रियांच्या मानाने कितीतरी जास्त प्रमाणात आढळले होते. खळबळ उडाली. आईने मुलीला अंगावर पाजावे की नाही, इथपर्यंत प्रश्न गेले.

पण सूक्ष्मदर्शकाखाली विषाणूसारखा दिसणारा प्रत्येक कण विषाणू नसतो. दुधात स्निग्धांशाचे आणि पेशींच्या पटलांचे नाना आकाराचे तुकडे असतात. पुढच्या अभ्यासांत हा संबंध टिकला नाही. अंगावर पाजण्याने मुलींत रोग वाढतो असेही दिसले नाही. उलट जास्त काळ पाजणाऱ्या आईला स्तनाच्या कर्करोगाचा धोका काहीसा कमी होतो, हे आज मान्य झाले आहे. उंदरांच्या विषाणूचा माणसाच्या स्तनकर्करोगाशी संबंध आजवर सिद्ध झालेला नाही.

मग वीस-पंचवीस वर्षांची ही मेहनत वाया गेली का? दोन गोष्टी पाहाव्या लागतील. कर्करोग विषाणूमुळे होऊ शकतो, हा प्रश्न बरोबर होता, फक्त अवयव वेगळा निघाला. यकृताच्या कर्करोगामागे हेपॅटायटिस बी आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे पॅपिलोमा विषाणू असतो, हे पुढे सिद्ध झाले. दोन्हींवर लशी आल्या. पॅपिलोमावरची एक लस आता पुण्यातच सीरम इन्स्टिट्यूट बनवते. दुसरी गोष्ट प्रतिकारशास्त्राची. उंदरीच्या दुधातून आलेला विषाणू पिल्लाच्या आतड्यातून थेट स्तनग्रंथीकडे जात नाही. आधी तो प्रतिकारपेशींत शिरतो. १९९१ मध्ये उघड झाले, की तो एक असे प्रथिन बनवतो ज्याने टी-पेशींचा एक मोठा गट एकदम चेतवला जातो, आणि त्या धांदलीत वाढलेल्या पेशींतून विषाणू स्वतःच फैलावतो. शरीराच्या संरक्षक दलालाच वाहन करणारा हा विषाणू प्रतिकारशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात गेला. कर्करोग आणि प्रतिकार हे वेगवेगळे विषय नाहीत, याचा हा ठळक पुरावा होता.

संस्था आणि माणसे

१९६२ मध्ये टाटा मेमोरियलचा कारभार अणुऊर्जा विभागाकडे गेला. १९६६ मध्ये रुग्णालय आणि संशोधन केंद्र एका छत्राखाली आले आणि केंद्राचे नाव 'कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट' झाले. १९६६ ते १९७० ही चार वर्षे रणदिवे यांनी हंगामी संचालक म्हणून संस्था सांभाळली. भारतीय वैद्यक परिषदेचा पहिला रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार त्यांना १९६४ मध्ये मिळाला होता. पद्मभूषण १९८२ मध्ये आले.

१९७३ मध्ये त्यांनी सहकारी स्त्रियांना घेऊन 'इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन' स्थापली. प्रयोगशाळेत शिरलेल्या तरुणी लग्न आणि बाळंतपणानंतर बाहेर पडतात, हे त्या डोळ्यांनी पाहत होत्या. म्हणून या संस्थेने व्याख्यानांच्या जोडीला पाळणाघर आणि वसतिगृह या गोष्टींनाही हात घातला. वाशीला तिचे काम आजही चालते. निवृत्तीनंतर रणदिवे अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाच्या अभ्यासाकडे वळल्या आणि सत्यनिकेतन या स्थानिक संस्थेच्या मदतीने गावोगावच्या स्त्रियांपर्यंत आरोग्याची माहिती पोचवू लागल्या. खानोलकर १९७८ मध्ये गेले, रणदिवे ११ एप्रिल २००१ रोजी. पुढच्याच वर्षी संशोधन संस्था परळ सोडून नवी मुंबईतल्या खारघरला 'अॅक्ट्रेक' या नावाने नव्या आवारात गेली.

काय उरले

या कालखंडाचा हिशेब मांडताना तीन धागे वेगळे करावे लागतात. तंबाखूचा निष्कर्ष काळाच्या कसोटीवर पूर्ण उतरला. तरी भारतीय पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग आजही पहिल्या क्रमांकावर आहे. इथे विज्ञान कमी पडले नाही, अंमलबजावणी कमी पडली. दुधातल्या विषाणूचा धागा तुटला. कुष्ठरोगाच्या लशीचा धागा उशिरा जुळला. यशापयशाची इतकीच यादी केली तर चित्र संमिश्र दिसेल.

पण तिन्ही धाग्यांखाली एक चौथी गोष्ट होती. जिवंत पेशी शरीराबाहेर वाढवणे, त्यांना हवे ते खायला घालणे, त्यांच्यातल्या टी-पेशी ओळखणे आणि माणसावर चाचणी घेऊन आकडे प्रामाणिकपणे मांडणे. हे कसब देशात रुजले. ऑक्टोबर २०२३ मध्ये 'नेक्सकार१९' या पहिल्या भारतीय कार-टी उपचाराला केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. आयआयटी मुंबईचे राहुल पुरवार यांचा गट आणि टाटा मेमोरियलचे डॉक्टर यांनी तो मिळून विकसित केला आणि सुरुवातीच्या चाचण्या खारघरच्या अॅक्ट्रेकमध्येही झाल्या. त्यात रुग्णाच्याच टी-पेशी काढतात. कर्करोगी पेशीवरची खूण ओळखणारे जनुक त्यांत घालतात, प्रयोगशाळेत त्या वाढवतात आणि परत शरीरात सोडतात. रक्ताच्या काही कर्करोगांत इतर उपाय थकल्यावरही त्या काम करतात. २०२५ च्या जानेवारीत बेंगळुरूच्या इम्युनील कंपनीचा असाच उपचार बाजारात आला.

रणदिवेंच्या नळ्यांपासून या उपचारापर्यंत सरळ वंशावळ काढता येणार नाही. मधे जनुकशास्त्राची दोन क्रांतिपर्वे आहेत आणि मूळ कल्पना इस्राएल व अमेरिकेतून आली आहे. तरीही आयात उपचार घेतला तर कोट्यवधींचा खर्च येतो आणि इथे बनवला तर तो ३० ते ४० लाखांच्या आसपास येतो, या फरकाचा अर्थ तोच आहे जो साठच्या दशकात परळला पोषक द्रव स्वतः बनवताना होता. तंत्र विकत घेता येते. ते आपल्या रुग्णाला परवडेल असे करायचे तर त्यातली प्रत्येक पायरी आपल्या हाताखालून जावी लागते. तीस-चाळीस लाख हीदेखील परळच्या पदपथावर मुक्काम करून उपचार घेणाऱ्या कुटुंबाच्या आवाक्यातली रक्कम नाही. ती आणखी खाली आणायची तर संशोधनावरचा खर्च तीन-पाच वर्षांच्या फळाने मोजून चालणार नाही. १९५८ च्या जिवाणूचा निकाल लागायला १९९८ उजाडले. तेवढा धीर धरणारी संस्था आणि तेवढा काळ तिला पोसणारे सरकार, दोन्ही त्या वेळी होते म्हणूनच तो लागला.